मीठ कोणी बघायचं

झंवर शेठनी फोनवर सांगितलं,
बियाणं कंपनीची मीटिंग आहे, ऐंशी माणसं,
तळलेलं नको, तिखट नको, हात चिकट व्हायला नकोत,
एका घासात संपलं पाहिजे.
माणशी तीन.
म्हणजे दोनशे चाळीस खजूर, मी आणि तहेसीन,
भोकरदन नाक्याजवळच्या हॉलची मागची खोली,
पंखा एक, तोही तिच्या बाजूला.

ती चीर देते, मी बी काढते.
अख्खं जालना बियाण्यावर जगतं,
कपाशीच्या, मिरचीच्या, टरबुजाच्या,
पाकिटावरची वांगी बघावीत, नवरदेवासारखी नटलेली,
आणि आम्ही दोघी इथं बिया काढून टाकतोय
त्याच साहेबांच्या खाण्यासाठी.
तहेसीनला म्हटलं तसं, तर हसली.
सुरी थांबली नाही तिची.

बी गेली तिथं बदाम.
बदामाला टेकून चीजचा तुकडा,
पांढऱ्या विटेतून कापलेला, लुडोच्या फाशाएवढा.
वर अर्धा जर्दाळू, कानाच्या पाळीसारखा मऊ,
आणि सगळ्यातून आरपार एक काडी.
लग्नात ओटी भरतात तेव्हा
खारीक असते, बदाम असतो, हळकुंड, खोबऱ्याची वाटी.
चीज कुणी घातलेलं ऐकलं नाही.
तरी पहिला खजूर भरला
आणि माझा हात उगाच पदराकडं गेला.

मग अडलं.
अर्ध्या विटा मोंढ्यातल्या दुकानातून,
अर्ध्या स्टेशनकडच्या,
वेष्टन वेगळं, पिवळेपणा वेगळा.
कुणीतरी मीठ बघायला पाहिजे.
‘तू चख ना, प्रयाग,’ ती म्हणाली, ‘मेरा रोजा है.’
माझी संकष्टी.
खजूर चालतो, बदाम चालतो,
चीजचं आमच्या सासूबाईंनी काही सांगून ठेवलेलं नाही.
दोघी बसलो तशाच, मध्ये परात,
स्वयंपाकिणी दोन आणि जीभ एकही नाही.

खुर्च्या मांडणाऱ्या वाल्मीकला हाक मारली.
त्यानं एक खाल्ला, डोळे मिटले.
म्हणाला, आधी साबणासारखं लागतंय.
दुसरा खाल्ला, म्हणाला, आता बासुंदीसारखं.
मीठ कसं आहे रे?
तिसरा, चौथा. बरोबर आहे मावशी, एकदम बरोबर.
दोनशे छत्तीस उरले.

परत आलेली ताटं बघण्यासारखी होती.
एका साहेबानं चीज काढून खाल्लं,
खजूर ठेवला, शुगर असेल बिचाऱ्याला.
एकानं नेमकं उलटं केलं.
एकानं नुसत्या काड्या मोडून मोडून
बशीत कुंपण घातलं होतं,
त्याला मीटिंग लांबल्यासारखी वाटली असणार.
धड उरलेले अकरा.

मशिदीतून अजान आली तशी
तहेसीन पालथ्या बादलीवर बसली,
काडी ओढून काढली,
आधी खजूर, मग पाणी,
मग बदाम, मग सावकाश चीज.
काही बोलली नाही.
चार मुलांसाठी घेतले, चार वाल्मीकला नको म्हणत दिले,
दोन कागदात बांधून माझ्या पिशवीत.
‘चाँद निकला तो खा ले.’

तिचा सूर्य वेळेवर बुडतो.
माझा चंद्र साडेनऊपर्यंत पत्ता लागू देत नाही.
गच्चीवर उभी राहिले.
तिकडं औद्योगिक वसाहतीत सळईच्या भट्ट्या,
तो उजेड दोनदा चंद्र समजून हात जोडले.
मग खरा आला, तांबडा, एका बाजूनं झिजलेला.
नैवेद्य झाला, पुडी सोडली.
उन्हाळ्यानं चीजला घाम फुटलेला,
कागदाची शाई त्याच्या अंगावर.

खारट. इतकं खारट
की जर्दाळूही धावून आला नाही.

फोन लावला. अगं, मीठ किती झालं होतं!
‘मालूम है,’ ती म्हणाली,
‘मगरिब से मालूम है.’
मग बोलली का नाहीस?
तिकडं भांडी घासल्याचा आवाज, पोरांची ओरड.
‘कैसे बोलती,’ म्हणाली,
‘तेरा चाँद बाकी था ना.’